पुन्हा भेटले जुने इन्स्पेक्टर

गेल्या मे महिन्यात मी लेकीला घेऊन केळशीला माहेरी गेले, ती पंधरा दिवस नुसतं लोळायचं असं ठरवूनच! चिपळूणच्या शाळेतल्या माझ्या अर्धवेळ तासिका, घर, लेकीचा अभ्यास, यांतून वर्षाकाठी एवढेच काय ते दिवस आपले. पण माहेरी गेलं की लोळायला मिळतं हा आपला एक गोड गैरसमज असतो, नाही का? मागच्या अंगणात आमसुलं वाळत होती, त्यांना पुटं द्यायची होती. फणसाच्या साटांची ताटं उन्हात होती आणि त्यांवर कावळे टपलेले. दुपारी ऊन तापलं की मात्र आम्ही तिघी माजघरात पंख्याखाली आडव्या व्हायचो.

अशाच एका दुपारी लेकीनं आजीच्या हातात मोबाइल दिला. ‘सीआयडी’चे जुने भाग लावले होते. ही मालिका २०१८ साली थांबली होती आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली, हे तुम्हांला ठाऊक असेलच. नवे भाग पाहून लेकीला जुन्यांची गोडी लागली होती. आईनं चष्मा लावला, जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, “अगं, हा शिवाजी साटम ना? याला मी ‘एक शून्य शून्य’मध्ये पाहिलाय. तेव्हा याचे सगळे केस काळे होते.”

झालं, मग आईची गाडी सुटलीच. आई मूळची गिरगावातली, लग्न होऊन इकडे आलेली. मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ लागायची तेव्हा चाळीतली माणसं जेवणं उरकून घेत, असं ती सांगते. शंभर हा पोलिसांचा फोन नंबर, त्यावरूनच मालिकेचं नाव. (आता त्याऐवजी ११२ फिरवायचा, बरं का. घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.) बी. पी. सिंग यांची ती मालिका. त्यांनीच पुढे १९९८ साली ‘सीआयडी’ काढली आणि साटमांना एसीपी प्रद्युम्न केलं. पुढे रमेश भाटकरांची ‘हॅलो इन्स्पेक्टर’ आली. गायक-संगीतकार स्नेहल भाटकरांचा हा मुलगा. उंच, रुबाबदार, वर्दी अंगावर अशी बसलेली की आमच्या आईसारख्या कडक बाईनंसुद्धा, “इन्स्पेक्टर असावा तर असा!” म्हणावं. २०१९ च्या फेब्रुवारीत ते गेले, तेव्हा आईनं मला मुद्दाम फोन केला होता. घरचं कुणी गेल्यासारखा तिचा आवाज होता.

आणि ‘उडान’! माझ्या जन्माच्या वेळी, १९८९ साली, आई बाळंतपणाला गिरगावात गेली होती. मला मांडीवर घेऊन तिनं ती मालिका पाहिली म्हणे. ‘सर्फ’च्या जाहिरातीतल्या ललिताजी एकदम पोलीस अधिकारी झालेल्या! कविता चौधरींनी ती मालिका स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि कल्याणी सिंगचं कामही स्वतःच केलं. गोष्ट होती त्यांच्याच बहिणीची, कांचन चौधरी भट्टाचार्य यांची. या बाई २००४ साली उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. त्या पदावर पोचलेल्या त्या देशातल्या पहिल्या स्त्री. दोघी बहिणी आज नाहीत. आई म्हणाली, “पहिली मुलगी झाली म्हणून दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली होती. मी ‘उडान’ बघायची आणि तुझ्याकडे बघायची.” मी पोलीस झाले नाही, मराठीची शिक्षिका झाले, तीही अर्धवेळ. पण ते राहू द्या.

आमच्या वाडीत केबल प्रथम आली ती शेजारच्या काकांकडे. ‘सीआयडी’ बघायला आम्ही सारी पोरं त्यांच्या ओटीवर जमायचो. मी तेव्हा अकरा वर्षांची असेन. सुरुवातीच्या भागांत अश्विनी काळसेकर इन्स्पेक्टर आशा होत्या. आमच्या खेळात आशा कायम मीच, आणि दरवाजे तोडायला माझा आडदांड आतेभाऊ. गोठ्याच्या दाराची कडी त्यानं खरोखरच उखडली होती.

आता इतक्या वर्षांनी तेच भाग पाहताना किती हसलो म्हणून सांगू! डॉक्टर साळुंखे परीक्षानळीत दोन थेंब टाकतात, रंग बदलतो आणि खुनी कुठल्या गावचा तेही कळतं. खऱ्या आयुष्यात असे नमुने मुंबईत कलिन्याच्या प्रयोगशाळेत जातात आणि अहवालाची वाट बघावी लागते. एसीपीसारखा वरचा अधिकारी दर खुनाला भिंग घेऊन स्वतः धावत नाही, तपासाचं काम बहुतेक वेळा खालचे निरीक्षक आणि फौजदार करतात. पण तो २००४ सालचा एकशे अकरा मिनिटांचा भाग, एकदाही कॅमेरा न थांबवता घेतलेला, आजही मान डोलवायला लावतो. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. आपल्याला साधा वरण-भाताचा कुकर लावतानासुद्धा तीनदा उठावं लागतं, आणि यांनी दोन तासांना थोडं कमी एवढं एका दमात घेतलं!

तिसऱ्या की चौथ्या भागात मात्र माझं हसू थांबलं. एक नोकर पोरगा, संशयित. त्याला खुर्चीत बसवलेलं, दोघं अधिकारी भोवती फिरतायत. तो म्हणतो, मी काही केलं नाही. फाडकन एक कानाखाली! माझ्या लेकीनं टाळी वाजवली. तो पोरगा निर्दोष निघाला, खुनी दुसराच होता. पण त्या थपडेचं पुढे काही झालं नाही. कुणी त्याला माफ कर म्हटलं नाही, गोष्ट पुढे गेली. मी उठून मागच्या अंगणात आमसुलं उलटी करायला गेले. ती सकाळीच उलटी केलेली होती.

मैत्रिणींनो, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतल्या विहिरीवरचा पाण्याचा पंप चोरीला गेला. पोफळींना पाणी मिळेना, बोंबाबोंब झाली. एक पोलीस चौकशीला आला आणि आमच्या अंगणात उभा राहून विचारू लागला, कुणी काही पाहिलं का? मी पाहिलं होतं. आमच्याकडे नारळ पाडायला येणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा तिन्हीसांजेला विहिरीकडून येताना मला दिसला होता. ते मी सांगितलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी इन्स्पेक्टर आशा ना! मी म्हटलं, “तो घाईघाईनं चालला होता आणि सारखा मागं वळून बघत होता.” हे मी पाहिलं नव्हतं. ते ‘सीआयडी’त असायचं.

त्याला नेलं. कुठल्या ठाण्यात ते इथे सांगत नाही. दोन दिवसांनी सोडलं, तेव्हा तो एका पायानं फरपटत चालत होता. पावसाळ्यापर्यंत त्याला झाडावर चढता आलं नाही. पंप नंतर सापडला, वाडीवाल्याच्याच पुतण्यानं तो परस्पर विकला होता. घरातलं प्रकरण घरात मिटलं.

तेव्हा मला जे ठाऊक नव्हतं ते सांगते, कारण तुमच्यापैकीही पुष्कळजणींना नसेल. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांत खुनी रडत रडत जे सांगतो, त्यावर एकट्यावर कुणालाही शिक्षा होणार नाही! अटक केली तर घरच्यांना कळवायला हवं, अटकेचा कागद करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यायला हवी आणि कोठडीत असताना दर ४८ तासांनी डॉक्टरांनी तपासायला हवं, हे सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात १९९६ च्या डिसेंबरात घालून दिलं. म्हणजे आमच्या पंपाच्या आधीच. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची तर बाईला किंवा पंधरा वर्षांखालच्या मुलाला ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या घरीच यावं लागतं. म्हणजे मला अंगणात विचारलं ते कायद्याला धरूनच झालं. मी सुरक्षित होते, आमच्या तुळशीपाशी उभी राहून बोलत होते.

रात्री आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“मागं वळून बघण्याचं तू घातलंस ते. तू दुपारपासून माझ्याजवळ होतीस. फाटकाशी गेलीस ती पाच मिनिटं. सारखा सारखा कधी बघितलास? मी त्याच्या आईकडे दोन पायली तांदूळ नेऊन दिले होते. पण का देतेय ते काही माझ्या तोंडातून निघालं नाही.”

म्हणजे बघा, घरात आम्ही दोघी जाणत होतो, आणि पंचवीस वर्षं तो माणूस दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या अंगणात येऊन चहा पीत होता. २०२० च्या ३ जूनच्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतली माडं-पोफळी आडवी झाली, तेव्हा कोयता घेऊन पहिला तोच आला होता. स्वतःच्या घराचे कौल उडालेले असताना!

मी निघायच्या आदल्या दिवशी तो नारळ पाडायला आला. आता केस पांढरे व्हायला लागलेत, मुलगा मुंबईत नोकरीला आहे. सगळे नारळ खाली आल्यावर मी चहा नेऊन दिला आणि तिथेच पायरीवर बसले. काय बोलावं ते रात्रभर जुळवलं होतं. शाळेत मुलांना निबंध शिकवणारी बाई मी, पण सुरुवातच जमेना. शेवटी कसंबसं सांगून टाकलं. लेक मागं दारात उभी होती, तिला आत जा म्हणायचं राहून गेलं.

तो कपातलं संपेपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, “मी मागं बघितलंच नव्हतं, ताई. त्येंना तेवढंच सांगत होतो तेव्हा. नाय बघितलं, नाय बघितलं म्हणून.”

मी म्हटलं, “हो.”

“कुणी सांगितलं असंल, याचा लय विचार केला होता मी. वाडीवाल्यावरच संशय होता माझा.” त्यानं कप उलटा करून पायरीवर ठेवला. “त्याच्याकडं मी जातच नाय अजून. बोलवतो तो.”

मग तो उठला आणि नारळ मोजायला लागला. मोजताना त्याला कुणी मध्ये बोललेलं चालत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. एकशे बेचाळीस भरले. आईनं पैसे दिले, वर नेहमीचे नारळ दिले, ते त्यानं नेहमीसारखे पिशवीत घातले. फाटकापाशी जाऊन वळला आणि आईला म्हणाला, “वयनी, कोपऱ्यातल्या माडाला भोंगा लागलाय. औषध घाला, नायतर जाईल.”

दुपारी लेकीनं पुन्हा मोबाइल आणला. भाग लावला, आणि तशी खुर्चीची जागा आली तेव्हा तिनं तो थांबवला. मला विचारलं, “आई, याला त्यांनी नंतर सॉरी म्हटलं असेल का गं?”

मी म्हटलं, “या भागात तरी नाही म्हटलं. मी दोनदा पाहिलाय.”