डाळिंब आणि सीताफळ : एकाच आळ्यातले गैरसमज

सोलापुरात घर बांधून झाले आणि मागे थोडी मोकळी जागा उरली, की तिथे दोन झाडे हमखास येतात. एक डाळिंबाचे, दुसरे सीताफळाचे. दोन्ही आपल्या दुष्काळी मुलखाची, काटक, पाणी मागत नाहीत आणि लक्षही मागत नाहीत, असे सांगून लावली जातात. मग दोघांना पाणी सारखे, खत सारखे, छाटणीही एकाच दिवशी. तीन-चार वर्षांनी डाळिंब नुसतीच फुले गाळते, सीताफळाला पानांखेरीज काही दिसत नाही आणि दोष रोपवाटिकेच्या माथी जातो. दोन्ही झाडे काटक आहेत हे खरे. पण कोरड्या हवेत तग धरण्याच्या दोघांच्या रीती अगदी वेगळ्या आहेत आणि सगळी निगा त्या फरकावरच ठरते.

मुळात दोन्ही इथली नव्हेत. डाळिंब इराण आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातले. सीताफळ अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातले. इथे मात्र दोघांनी चांगलाच जम बसवला. सांगोला-पंढरपूर भागातल्या डाळिंबामुळे 'सोलापूर डाळिंब' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 मध्ये सोलापूरलाच, केगावला उभे राहिले. सीताफळाची एन.एम.के.-1 गोल्डन ही जात बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी आपल्या शेतात निवडून वाढवली. एवढे ज्ञान हाताशी असलेल्या जिल्ह्यात परसातली झाडे ऐकीव माहितीवर वाढावीत, याचे वाईट वाटते.

सगळ्यात खोल रुजलेला समज पाण्याचा आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्यावर दोन्ही झाडे जगतात, पण जगणे वेगळे आणि फळणे वेगळे. सीताफळ हिवाळा सरताना पाने गाळून झोपी जाते. फेब्रुवारीत त्याच्या उघड्या फांद्या पाहून झाड वाळले असे समजून लोक त्याला रोज पाणी घालू लागतात, कधी कधी तोडूनही टाकतात. त्या वेळी त्याला पाण्याची गरज जवळपास नसते. नखाने साल किंचित खरवडून पाहावी; आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. उन्हाळ्यात नवी पालवी आणि फुले येतात, पावसाळ्यात फळे पोसतात आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमारास तोडणीला येतात. त्याचे वेळापत्रक ऋतूच ठरवतो.

डाळिंब असे आपणहून झोपत नाही. आपल्या हवेत ते वर्षभर थोडी पालवी, थोडी फुले काढत राहते आणि धड फळ एकही देत नाही. म्हणून त्याला विश्रांती आपण द्यायची असते. तिलाच शेतकरी 'ताण देणे' म्हणतात. महिना-दोन महिने पाणी तोडायचे, पाने पिवळी पडून गळू द्यायची, हलकी छाटणी करायची, शेणखत घालायचे आणि मग हळूहळू पाणी सुरू करायचे. जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा आणला तर आंबे बहार, जून-जुलैत मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. वर्षातून एकच बहार धरावा; तिन्हींचा मोह धरला की झाड खंगते. मृगात पाण्याची ओढाताण नसते, पण दमट हवेत तेल्या हा डाग पाडणारा रोग बळावतो. आंबे बहाराला ऐन उन्हाळ्यात पाणी हवे, आणि नळाला रोज पाणी नसलेल्या शहरात ते जड जाते. हस्त बहाराची फळे कोरड्या, थंड हवेत वाढतात म्हणून रोग कमी. अडचण एवढीच की पावसात जमीन सुकत नाही आणि ताण नीट बसत नाही. मुरमाड, उताराची जागा असेल तर माझे मत हस्त बहाराच्या बाजूने आहे.

ताण संपल्यावर मात्र डाळिंबाला पाणी नियमित हवे. इथे 'काटक आहे, आठवेल तेव्हा घालू' हा विचार फार नुकसान करतो. पंधरा दिवस कोरडे ठेवून एकदम आळे तुडुंब भरले की दाणे झपाट्याने फुगतात, सालीला तेवढे ताणता येत नाही आणि फळ तडकते. तडकलेले प्रत्येक फळ तेल्याचे, हाही गैरसमजच. तेल्यात आधी तेलकट, मग काळपट डाग पडतात आणि चिरा त्या डागांतून जातात. साल स्वच्छ असून फळ फुटले असेल तर आधी पाण्याचा अनियमितपणा तपासा. आळ्यात उसाच्या पाचटाचे आच्छादन घातले तर ओल टिकते. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. तेल्या जिवाणूंमुळे होतो आणि कात्रीवाटेही पसरतो, म्हणून एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री निर्जंतुक करून घ्यावी.

जमिनीबद्दलही उलटी समजूत आहे. काळी, कसदार माती म्हणजे उत्तमच, असे मानून नव्या घरामागे ट्रॉलीभर काळी माती आणून टाकतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला ती लाभते, डाळिंबाला नाही. भारी काळ्या जमिनीत पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही, मर रोगाला वाव मिळतो आणि ताणही बसत नाही. हलकी ते मध्यम, निचऱ्याची जमीन डाळिंबाला मानवते. थोडा चुनखडीचा अंशही ते सोसते. सीताफळ तर मुरमाड माळावरही येते. पाणी साचलेले दोघांनाही चालत नाही.

आता फुलांकडे वळू, कारण सगळ्यात जास्त काळजी तिथेच केली जाते. डाळिंबाची फुले गळू लागली की कीटकनाशकाची बाटली बाहेर निघते. पण डाळिंबावर दोन प्रकारची फुले येतात. बुडाशी निमुळते, घंटेसारखे फूल नर असते आणि ते गळणारच. बुडाशी फुगीर, सुरईच्या आकाराचे फूल फळ धरते. फुलोऱ्यात फवारणी केली तर परागीभवनाला मदत करणाऱ्या मधमाश्याच जातात.

सीताफळाचे गणित याहून निराळे. त्याचे काम मधमाश्या करत नाहीत. लहान भुंगेरे करतात. शिवाय एकाच फुलात आधी स्त्रीकेसर तयार होतो आणि पराग नंतर सुटतो, त्यामुळे फुलाला स्वतःचा पराग कामी येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी, तेव्हा स्त्रीकेसर लवकर सुकतो आणि पहिली बरीच फुले वाया जातात. पावसाने हवा दमट झाली की फळधारणा सुधारते. परसात एकच झाड असेल तर हाताने परागीभवन करून पाहावे : सकाळी लवकर, पूर्ण उघडलेल्या फुलातला पराग मऊ कुंचल्याने अर्धवट उमललेल्या फुलात लावायचा. वेळखाऊ काम आहे, पण फळ भरीव आणि सुडौल येते.

छाटणीत सीताफळ जास्त सोसते. पाने गळल्यावर केलेल्या छाटणीनंतर येणाऱ्या नव्या फुटीवर त्याला फुले येतात. डाळिंबाचे फळ पक्व काड्यांवर धरते. सीताफळाच्या मापाने ते छाटले तर त्या वर्षीचे फळ कचऱ्यात जाते.

बी लावून झाड करण्याबाबत थोडक्यात. सीताफळाचे बी रुजते आणि तीन-चार वर्षांत फळही देते, पण नावाजलेली जात हवी असेल तर कलमच घ्यावे. बाजारातल्या 'भगवा' जातीच्या डाळिंबाचे बी पेरून भगवा मिळत नाही. तिथे गुटी कलम लावावे. केगावच्या केंद्राने 2017 मध्ये प्रसारित केलेली, लोह-जस्ताचे प्रमाण अधिक असलेली 'सोलापूर लाल' ही जातही कलमानेच लावावी.

तोडणीत तर दोघे अगदी विरुद्ध टोकांना आहेत. सीताफळ झाडावर पूर्ण पिकू देत नाहीत. फळावरचे डोळे उघडून मधल्या खाचा पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या की ते उतरवायचे. घरात दोन-चार दिवसांत मऊ होते. थंडीत झाडावर राहिलेली फळे काळी, टणक पडतात, ती अढीत घालूनही पिकत नाहीत. डाळिंब याउलट. एकदा तोडले की त्याचे पिकणे तिथेच थांबते. कच्चे डाळिंब पेंढ्यात कितीही दिवस ठेवले तरी गोडी वाढत नाही, साल मात्र सुकते. तोंडावरच्या पाकळ्या आत वळल्या, गोलाई जाऊन फळाला कडा आल्या आणि टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज आला, तरच तोडावे.

शेवटचा समज धोक्याचा आहे. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर निर्धोक असे समजून ती अजूनही घराघरांत डोक्याला चोळली जाते. तिच्यातले विषारी घटक किड्यांना मारतात आणि डोळ्यांनाही गंभीर इजा करतात. मुलांच्या केसांना ती लावू नये. पूड चुकून डोळ्यात गेलीच तर डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि न थांबता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.