एक ॲम्प्लिफायर आणि अनेक सबवूफर

मोटारीच्या लहान स्पीकरांतून गाणें ऐकूं येतें. पण डग्ग्याचा घुमारा किंवा ढोलाचा ठोका जसा हवा तसा उमटत नाहीं. त्यासाठीं सबवूफर नांवाचा खर्जाचा मोठा स्पीकर डिकींत बसवितात. हौस वाढली कीं एकाचे दोन होतात, दोहोंचे चार. ॲम्प्लिफायर मात्र एकच असतो. ह्या एकाला अनेक कसे जोडावे, ह्याचा विचार खरेदीपूर्वींच केला पाहिजे. नाहीं तर महागाचें यंत्र जळतें, किंवा त्याचें अर्धें बळ वायां जातें.

सबवूफरच्या पाठीवर ४ ओहम किंवा २ ओहम असा आंकडा छापलेला असतो. विद्युत्प्रवाहाला तो किती अडवितो ह्याचें हें माप. त्याला संरोध म्हणतात. येथें पुष्कळांची गल्लत होते. आंकडा मोठा तर ओझें मोठें, असें मनांत येतें. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. ओहम जितके कमी तितका अडथळा कमी, म्हणून ॲम्प्लिफायरला तितका अधिक प्रवाह पुरवावा लागतो आणि तितका तो तापतो. ४ ओहमांचें ओझें हलकें, १ ओहमाचें जड. ह्या हिशेबाच्या मुळाशीं असलेला नियम गेओर्ग ओहम ह्यांनीं १८२७ सालीं ग्रंथरूपानें मांडला. त्यामागील प्रयोग त्यांनीं कोलोन येथें शाळामास्तर असतांना केले, हें सांगतांना आम्हां मास्तरमंडळींना थोडा अभिमान वाटणारच.

नाट्यगृहांतून बाहेर पडणाऱ्या गर्दीला एकामागून एक दोन अरुंद दारें ओलांडावीं लागलीं तर तिची गति मंदावते. तींच दारें शेजारीं शेजारीं असलीं तर दुप्पट माणसें बाहेर पडतात. जोडणीचे दोन प्रकार असेच आहेत. एकसर जोडणींत पहिल्या सबवूफरचें ऋण टोंक दुसऱ्याच्या धन टोंकाला जोडतात व उरलेलीं दोन टोंकें ॲम्प्लिफायरकडे नेतात. तेथें ओहमांची बेरीज होते, ४ आणि ४ मिळून ८. समांतर जोडणींत सर्व धन टोंकें एकत्र व सर्व ऋण टोंकें एकत्र. तेथें सारखे दोन असतील तर ओहम निम्मे होतात, ४ चे २. चार ओहमांचे चार सबवूफर सगळे समांतर जोडले तर १ ओहम उरतो. पण दोन-दोनांच्या एकसर जोड्या करून त्या जोड्या समांतर बांधल्या, तर पुन्हां ४ च येतात.

आतां खरी मेख. पुष्कळ सबवूफरांत एका पडद्यामागें दोन कॉइली असतात. समजा, ॲम्प्लिफायरवर ‘किमान २ ओहम’ असें लिहिलें आहे, आणि आपण ४-४ ओहमांच्या दुहेरी कॉइलींचे दोन सबवूफर घेतले. चारही कॉइलींना सारखी शक्ति द्यावयाची तर १, ४ किंवा १६ ओहम होतात. २ कांहीं केल्या होत नाहींत. १ वर ॲम्प्लिफायर तापून बंद पडेल किंवा जळेल. ४ वर सुरक्षित राहील, पण सुमारें अर्धीच शक्ति देईल. तेच २-२ ओहमांच्या कॉइलींचे घेतले असते, तर प्रत्येकाच्या कॉइली एकसर व दोन्ही सबवूफर समांतर जोडून बरोबर २ ओहम साधले असते. दोन चॅनेल ‘ब्रिज’ करून वापरणारांनीं ध्यानांत ठेवावें कीं, तेथें प्रत्येक चॅनेलला निम्मेच ओहम दिसतात. ४ चे २.

अर्ध्या शक्तीनें फार बिघडतें असेंही नाहीं. शक्ति दुप्पट झाली तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटण्यास सुमारें १० डेसिबल लागतात. तेव्हां १ ओहमाच्या मागें लागणें मला तरी शहाणपणाचें वाटत नाहीं.

सबवूफर सर्व एकाच जातीचे असावे. भिन्न ओहमांचे एकत्र बांधले तर शक्तीची वांटणी विषम होते. धन-ऋण टोंकांची अदलाबदल झाली तर एकाचा पडदा पुढें येतो तेव्हां दुसऱ्याचा मागें जातो आणि खर्ज नाहींसाच होतो. दोष मात्र ॲम्प्लिफायरला मिळतो. दीड व्होल्टचा सेल धनाला धन असा क्षणभर लावून पाहावा. पडदा बाहेर आला पाहिजे. जोडणी झाल्यावर, ॲम्प्लिफायरला तारा लावण्यापूर्वीं, मल्टीमीटरनें मोजावें. ४ ओहमांच्या जागीं तीन-साडेतीन दिसले तर घाबरूं नये; तें केवळ कॉइलच्या तारेचें माप असतें. शून्याजवळ आंकडा आला तर मात्र कोठें तरी तारेला तार लागली आहे.

आणखी एक गोष्ट बॅटरीकडची. १००० वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरांत १०० अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढूं शकतो. म्हणून धन केबल जाड हवी, आणि तिच्यावरील फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आंत हवा. नुसता ॲम्प्लिफायरजवळचा फ्यूज पुरत नाहीं. पत्र्याच्या भोंकांत केबल घासून उघडी पडली, तर आग लावणारा प्रवाह बॅटरीकडून येतो आणि त्या फ्यूजपर्यंत पोंचतच नाहीं.