दहा रुपयांत देशप्रेम!

२६ जानेवारी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? ऑफिसच्या लंच टेबलवर हा प्रश्न टाकून बघा. ‘ड्राय डे’, ‘लाँग वीकेंड’, ‘सेल’ ही उत्तरं गॅरंटीड! संविधानाचा विषय निघालाच तर मात्र सगळ्यांची छाती फुगते. जगातली सगळ्यात मोठी लोकशाही आहे, बॉस! आणि पुढच्याच मिनिटाला लायसन्ससाठी कुठल्या एजंटला किती ‘चहापाणी’ दिलं, याच्या गप्पा रंगतात.

अभिमान खरा आणि वैतागही खरा. या दोघांची गाठ घालून देणारी एक गोष्ट आपल्याकडे आहे. किंमत फक्त दहा रुपये. तिचं नाव माहितीचा अधिकार.

फंडा काय आहे?

घटनेच्या १९व्या कलमाने आपल्याला बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं. पण सरकार काय करतंय हेच माहीत नसेल, तर बोलणार काय, कप्पाळ? राज नारायण खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. सरकारी कारभार जाणून घेण्याचा लोकांचा हक्क या स्वातंत्र्यातूनच येतो. फेब्रुवारी २०२४मध्ये निवडणूक रोख्यांची योजना रद्द झाली तीही याच मुद्द्यावर. पक्षांना पैसा कोण देतं, हे मतदाराला कळायलाच हवं!

पण हा हक्क कोर्टातून अलगद आपल्या हातात पडला नाही. राजस्थानात अरुणा रॉय आणि त्यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेसोबत मजुरांनी आपल्या कामाचे हजेरीपट मागितले. कारण कागदावर मजुरी भरपूर आणि हातात कमी! १९९६मध्ये ब्यावरला ही माणसं चाळीस दिवस धरण्यावर बसली. आपल्याकडे राळेगणच्या अण्णा हजारेंनी २००३मध्ये आझाद मैदानावर उपोषण केलं आणि राज्याचा कायदा पदरात पाडून घेतला. १२ ऑक्टोबर २००५पासून देशभराचा कायदा लागू झाला. म्हणजे एसीत बसून आपण जो अर्ज करतो, तो उन्हात बसलेल्या मजुरांनी मिळवून दिलाय.

रस्ता कुणाच्या बापाचा?

माझ्या घराजवळचा नवाकोरा रस्ता एकाच पावसाळ्यात चाळण झाला. तक्रारी केल्या. उत्तर ठरलेलं, ‘बघतो मॅडम.’ मग अर्ज टाकला. कंत्राट कुणाला, किती रुपयांचं आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो? तीनच प्रश्न. महिन्याभरात उत्तर आलं. कालावधी संपायला अजून बराच वेळ होता, म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खिशातून करायची! तो कागद घेऊन पुन्हा गेले, तेव्हा ‘बघतो’चं ‘बसा ना’ झालं. काही दिवसांनी रोलरही आला. ना भांडण, ना ओळख, ना चिरीमिरी.

पण सगळंच गोड नाही

तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनींचे घोटाळे याच कायद्याने बाहेर काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. दुसरीकडे माहिती आयोगांपुढे अपिलांचे ढीग साचतात. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं ८वं कलमच बदललं. आता ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं सोपं झालं, अशी कार्यकर्त्यांची तक्रार आहे. वापरला नाही तर हक्क असाच हळूहळू गंजतो. आणि मोजकेच लोक अर्ज करतात, तेव्हा ते एकटे पडतात. एकाच रस्त्याबद्दल पन्नास जणांनी विचारलं, तर धमकी देणार कुणाकुणाला?

कसं कराल?

• साध्या मराठीत अर्ज लिहा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. राज्याच्या बऱ्याच कार्यालयांसाठी ऑनलाइन सोयही आहे.
• एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘असं का केलं?’ विचारू नका, कागदाची प्रत मागा.
• माहिती कशासाठी हवी, हे सांगायची गरज नाही. कुणी विचारलं तरी!
• पोच घ्यायला विसरू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील, मग माहिती आयोग. विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड करू शकतो.

आणि अर्ज करायचाही कंटाळा येत असेल, तर आणखी सोपा रस्ता आहे. महापालिका आणि जिल्हा कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली बघू द्याव्यात, असा आदेश राज्य सरकारने नोव्हेंबर २०१८मध्ये काढलाय. ही पद्धत मूळची पुणे महापालिकेतली. तेव्हा मंडळी, एखाद्या सोमवारी हाफ डे टाका. बॉसने कारण विचारलं तर बिनधास्त सांगा, ‘माझ्या पैशांचा हिसाब बघायला चाललोय!’