फीत खरी की मनोरा?

‘झाडांचा घेर मोजा, जंगलानं किती कार्बन घेतला ते कळेल’, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. घेर आणि उंचीवरून लाकडाचं वजन काढता येतं, आणि वाळलेल्या लाकडात साधारण निम्मा कार्बन असतो. पण फीत खोडापाशीच थांबते. गळालेल्या सुया, बारीक मुळं, कुजताना वायू सोडणारी माती हा सगळा हिशेब तिच्याबाहेर राहतो.

मग सूचिपर्णी वनात झाडांहून उंच मनोरा उभारतात. वरचं यंत्र वाऱ्याच्या भोवऱ्यांचा वेग आणि त्यांतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण सेकंदाला दहा-वीस वेळा टिपतं. खाली जाणाऱ्या हवेत हा वायू जास्त आणि वर येणाऱ्या हवेत कमी असला, की जंगल तो घेत आहे. अर्ध्या अर्ध्या तासाची बेरीज करत वर्ष पुरं होतं.

‘यंत्राचा आकडा म्हणजे थेट मोजमाप, त्यात अंदाज नाही’, हा दुसरा गैरसमज, आणि मला तो जास्त घातक वाटतो. गडबड रात्री होते. वारा पडला की माती आणि झाडांनी सोडलेला वायू यंत्रापर्यंत चढतच नाही. कोलोराडोतल्या नायवॉट रिजसारख्या सुमारे ३,०५० मीटर उंचीवरच्या डोंगरउतारावर तर थंड हवा तो घेऊन खाली घसरते. यंत्राला श्वसन कमी दिसतं आणि जंगल आहे त्याहून मोठं शोषक भासतं. म्हणून निवांत रात्रींच्या नोंदी बाजूला ठेवून वाऱ्याच्या रात्रींवरून ती जागा भरावी लागते. म्हणजे अंदाज आलाच.

फिनलंडमधल्या ह्युटिआला इथे १९६२ साली पेरलेल्या पाइनच्या वनात मनोरा आहेच, शिवाय फांद्यांवर आणि जमिनीवर छोट्या बंद पेट्या बसवून त्यांतल्या वायूचा चढउतारही मोजतात. मनोऱ्याला फक्त बेरीज कळते. कोणी घेतलं आणि कोणी सोडलं, हे या पेट्या सांगतात.

‘म्हातारं जंगल कार्बन घेत नाही’, हेही सरसकट खरं नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या विंड रिव्हरच्या डग्लस फरच्या वनाचं वय चारशे वर्षांहून जास्त. तिथे काही वर्षी जंगलानं कार्बन साठवला, काही वर्षी सोडला. अशा ठिकाणी फितीची अनेक वर्षांची सरासरी मनोऱ्याच्या एका वर्षाशी ताडून पाहणं चूक आहे. दोन्ही नोंदी त्याच वर्षांच्या हव्यात.