तेलामेणाचा हात

घरातील वेदीवरचा लाकडी क्रूस, आजीच्या काळचा पोळपाट, मुलाने स्वतः घडविलेला पाट, यांना व्हार्निशाचा झगमगाट शोभत नाही. हाताने केलेल्या कामास हाताचीच झिलई हवी.

हैदराबादेतील चिक्कडपल्लीसारख्या दाट वस्तीत राहणारे मराठी कुटुंब असो वा वसईच्या वाडीतले, ऋतूंचा जाच दोघांसही आहेच. उन्हाळ्यात लाकूड आक्रसते, पावसाळ्यात फुगते आणि कालांतराने त्यास चिरा पडतात. तेलामेणाचा लेप हा फेरफार मंदावतो.

१९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या बिदरचे कारागीर आपल्या काळ्या भांड्यांवर शेवटी तेलाचाच हात फिरवितात. ते काम धातूचे. लाकडास मात्र वाळणारे तेल लागते. खोबरेल वाळत नाही. शेंगतेल चिकट राहून खवट होते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते.

प्रथम लाकूड रेषांच्या दिशेने पॉलिश कागदाने घासून धूळ पुसावी. तेलाचा पातळ हात द्यावा व वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल निपटून पुसावे. चिकटपणा गेल्यावरच दुसरा हात, मग तिसरा. कच्चे तेल वाळण्यास कित्येक दिवस लागतात, पावसाळ्यात अधिकच. रंगाच्या दुकानातील उकळलेले तेल लवकर वाळते. परंतु त्यात धातूंचे क्षार घातलेले असू शकतात, म्हणून पोळपाटास घाण्याचे शुद्ध तेलच वापरावे.

शेवटी चार भाग तेलात एक भाग मधमाशीचे मेण घालावे. भांडे थेट आगीवर न ठेवता गरम पाण्यात ठेवावे. मेण सुमारे ६३ अंश सेल्सियसला वितळते. मिश्रण निवल्यावर थोडेसे लावून सुती कापडाने चोळावे.

एक इशारा ध्यानी धरावा. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, ती आत कोंडते व चिंधी आपोआप पेट घेते. दाट वस्तीत हा निष्काळजीपणा शेजाऱ्याचेही घर जाळील. चिंध्या उघड्यावर एकेक पसराव्यात किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवाव्यात.

या लेपावर गरम भांड्याचा डाग पडतो, हे खरे. पण पुन्हा तेलामेणाचा हात देऊन तो घरीच सुधारता येतो. त्याचा टिकाऊपणा वारंवार घेतलेल्या काळजीत आहे.

पास्काच्या जागरणविधीत मेणबत्तीची स्तुती गाताना मधमाशीच्या श्रमाचेही स्मरण होते. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा श्रमिक संत योसेफ यांचा सण ठरविला. त्या सुताराच्या सणाआधी घरातील क्रूसास मुलांच्या हातून असा एक हात द्यावा.