‘नांदणे’, ‘टाकणे’ आणि सैनिकाचा घटस्फोट

घटस्फोटाचा कायदा हा मूलतः विधिज्ञांचा विषय आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात शिरावे याचे कारण इतकेच, की या कायद्याची बरीचशी भिस्त ‘वेगळे राहणे’, ‘सोडून जाणे’, ‘एकत्र नांदणे’ अशा अगदी घरगुती शब्दांवर आहे, आणि सैनिकाच्या संसारात हे शब्द आपला नेहमीचा अर्थ टिकवू शकत नाहीत. नवरा वर्षातील बहुतेक काळ सीमेवर आणि बायको सातारा जिल्ह्यातील एखाद्या गावी सासरी. अशा जोडप्याविषयी ‘ती दोघे वेगळी राहतात’ असे म्हणता येईल काय? बोलण्यात म्हणता येईल. न्यायालयात मात्र तेवढ्याने भागत नाही.

सैनिकांसाठी घटस्फोटाचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. विवाह मोडण्याचा अधिकार पलटणीच्या कमान अधिकाऱ्याला नाही, की सैनिकी न्यायालयालाही नाही. त्यासाठी दिवाणी वा कौटुंबिक न्यायालयातच जावे लागते आणि ज्या कायद्याखाली विवाह झाला त्याच कायद्याखाली तो मोडावा लागतो. प्रस्तुत विवेचन १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमापुरते आणि मुख्यतः भूसेनेपुरते आहे.

इंग्रजीतील ‘डेझर्शन’ हा एकच शब्द दोन कायद्यांत वावरतो. सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम ३८ खाली तो पळून गेलेल्या शिपायाचा अपराध आहे, आणि हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३ खाली तो जोडीदाराला सोडून जाण्याचा दोष आहे. मराठीने ही दोन क्षेत्रे निरनिराळी ठेवली. शिपाई ‘पळतो’ किंवा ‘फरारी होतो’. नवरा बायकोला ‘टाकतो’. परंतु दोन्ही ठिकाणी विचाराची चौकट एकच आहे. शिपाई रजेवाचून गैरहजर राहिला तर तो कलम ३९ चा, म्हणजे सौम्य अपराध. परत न येण्याचा किंवा नेमलेली कामगिरी चुकविण्याचा हेतू त्यामागे असला तरच तो कलम ३८ चा होतो, आणि युद्धसेवेवर असताना त्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. विवाहातही तसेच. ‘बिपिनचंद्र विरुद्ध प्रभावती’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने परित्यागाची दोन अंगे सांगितली: प्रत्यक्ष विलग होणे, आणि सहजीवन कायमचे संपविण्याचा हेतू. जो सोडला गेला त्याची संमती नसली पाहिजे, आणि सोडून जाण्यास त्याने वाजवी कारण दिलेले नसले पाहिजे, हेही त्यात आले. हे प्रकरण मुंबई राज्याच्या १९४७ च्या हिंदू घटस्फोट अधिनियमाखालील होते, हे मराठी वाचकास स्मरणीय वाटेल. त्या अधिनियमात परित्यागाची मुदत चार वर्षांची होती. १९५५ च्या कायद्यात ती दोन वर्षांची झाली, पण त्या आधारावर प्रारंभी केवळ न्यायिक विभक्ती मिळे; घटस्फोट मिळू लागला तो १९७६ च्या दुरुस्तीनंतर.

तेव्हा हुकुमाने लांब गेलेला सैनिक पत्नीला ‘टाकीत’ नाही, मग तो तीन वर्षे दुर्गम ठाण्यावर का असेना. उलट, घराजवळच्या छावणीत राहून रजेत घरी न फिरकणारा, पत्रास उत्तर न देणारा आणि कुटुंबासाठी निवासस्थान मिळत असता ते नाकारणारा सैनिक तिला टाकीत असू शकतो. पुरावा अंतराचा द्यावयाचा नसून वर्तनाचा द्यावयाचा असतो.

येथे मराठीच्या एका खास शब्दाकडे वळले पाहिजे. ‘नांदणे’ या क्रियापदाचा कर्ता विवाहाच्या संदर्भात बहुधा स्त्रीच असते, आणि ती नांदते ती ‘सासरी’. नवरा घरी असो वा नसो, सासू-सासऱ्यांजवळ राहणारी सून नांदतच असते. ती माहेरी गेली की ‘ती नांदत नाही’ असे गाव म्हणू लागते. सैनिकाच्या घरी या शब्दाने मोठाच घोटाळा होतो. नवरा सीमेवर असता सासरच्या मंडळींशी न पटून ती माहेरी राहिली, तर ‘तिने नवऱ्याला सोडले’ अशी भाषा अर्जातही उतरते. कायद्यातील सहजीवन मात्र पतिपत्नींमधील आहे. नवऱ्याच्या अनुपस्थितीत सासरचे घर सोडणे म्हणजे आपोआप नवऱ्याला सोडणे नव्हे. तो रजेवर आला असता ती त्याच्याकडे गेली काय, त्याने तिला बोलावले काय, हे प्रश्न निर्णायक ठरतात. ‘नांदायला येण्याचा दावा’ असे ज्यास लोक म्हणतात तो कलम ९ खालील दावाही याच सहजीवनासाठी असतो, आणि तसा हुकूम होऊनही वर्षभर दोघे एकत्र आली नाहीत तर त्यावरून घटस्फोट मागता येतो. (‘टाकलेली’ या विशेषणाचे पुल्लिंगी रूप व्यवहारात जवळजवळ ऐकू येत नाही, ही गोष्ट कोशकारांनी नोंदविण्याजोगी आहे. कायदा मात्र पति-पत्नींत भेद करीत नाही.)

परस्परसंमतीने घटस्फोट घ्यावयाचा तर कलम १३-ब प्रमाणे दोघे किमान एक वर्ष ‘वेगळी राहत’ असली पाहिजेत. १९९१ साली ‘सुरेष्टादेवी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हे वेगळेपण जागेचे नव्हे; पतिपत्नी म्हणून न राहणे हा त्याचा अर्थ. एकाच छपराखाली माणसे वेगळी असू शकतात. याची दुसरी बाजू सैनिकास लागू पडते: नेमणुकीमुळे दूर काढलेले वर्ष या हिशेबात धरता येत नाही, पतिपत्नी म्हणून राहणे ज्या दिवशी थांबले तेथून गणना व्हावयाची. पहिल्या अर्जानंतरची सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणी माफ करता येते, असे २०१७ साली ठरले.

दावा कोठे लावावयाचा हा प्रश्न बदलीच्या नोकरीत अवघड होता. विवाह जेथे झाला, प्रतिपक्ष जेथे राहतो, किंवा दोघे शेवटी एकत्र जेथे राहिली, तेथे अर्ज करता येई. शेवटचे एकत्र राहणे एखाद्या दूरच्या छावणीतील असले तर पत्नीची फरफट होई. २००३ च्या दुरुस्तीने ती स्वतः राहते तेथेही तिला अर्ज करता येऊ लागला. सैनिकाच्या बाजूने पाहता, दाव्यासाठी रजा मिळाल्याचा दाखला हजर केल्यास न्यायालयाने शक्यतो त्या रजेच्या मुदतीत काम निकाली काढावे, असे सैन्य अधिनियमाचे कलम ३२ सांगते. आघाडीवरील किंवा तत्सम विशेष परिस्थितीतील सैनिकाविरुद्धचे काम थांबविण्याची तरतूद १९२५ च्या सैनिकांच्या दाव्यांविषयीच्या अधिनियमात आहे.

पोटगीची वाट अधिक वाकडी आहे. कलम २८ प्रमाणे सैनिकाची शस्त्रे, कपडे, सामान आणि कामावरील जनावर जप्त करता येत नाही; त्याच पंक्तीत त्याचे वेतन आणि भत्तेही बसविले आहेत. दिवाणी न्यायालयाने पोटगी ठरविली तरी ती इतर नोकरांप्रमाणे पगारावर जप्ती आणून वसूल करता येत नाही. याची भरपाई म्हणून अधिकाऱ्यांसाठी कलम ९० आणि इतरांसाठी कलम ९१ आहे: पत्नीच्या आणि औरस वा अनौरस मुलाच्या निर्वाहासाठी केंद्र सरकार किंवा विहित अधिकारी वेतनातून कपात करू शकतो. त्यासाठी पत्नीने पतीच्या पलटणीकडे अर्ज करावयाचा, पतीला कारणे दाखवा नोटीस जावयाची, आणि मग वरिष्ठांनी आदेश काढावयाचा. पत्नीसाठी २२ टक्के, प्रत्येक मुलासाठी साडेपाच आणि एकूण ३३ टक्के अशी मर्यादा २००१ च्या सैन्य आदेशाने घातली. वकिलाचा खर्च न झेपणाऱ्या स्त्रीला हा मार्ग खरोखर उपयोगी आहे.

परंतु त्यात एक धोका दडलेला आहे, आणि तो प्रस्तुत लेखकास सर्वांत चिंताजनक वाटतो. २०२१ साली एका सेनाधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पतीला घटस्फोट दिला. पत्नीने सेनाप्रमुखांपर्यंतच्या वरिष्ठांकडे केलेल्या बदनामीकारक तक्रारींमुळे त्याची चौकशी होऊन त्याच्या बढतीस बाध आला, आणि ही मानसिक क्रूरता होय, असे न्यायालयाने मानले. निर्णय त्या प्रकरणातील पुराव्यास धरूनच आहे. पण निर्वाहाचा अर्ज आणि बदनामीची तक्रार ही दोन्ही एकाच पत्त्यावर, बहुधा एकाच कागदावर जातात. गावातील अर्जलेखक ‘पैसे पाठवीत नाहीत’ या वाक्यानंतर वजन यावे म्हणून दारू, बाहेरख्याली आणि देशद्रोह यांची ठराविक माळ ओवतो. त्याला ती अर्जाची रीत वाटते. पुढे न्यायालय तिचा शब्दार्थ घेते. अशा अर्जात न मिळालेले पैसे, महिने, मुलांची वये एवढेच असावे. सिद्ध करता येणार नाही असे एकही विशेषण त्यात असू नये.

अखेरचा शब्द ‘पत्नी’. फौजदारी कार्यविधीतील निर्वाहाच्या तरतुदीत, म्हणजे पूर्वीचे कलम १२५ आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ यांत, पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिता ‘पत्नी’ या संज्ञेत स्पष्टपणे घातलेली आहे. सैन्य अधिनियमात अशी पुस्ती नाही. शिवाय घटस्फोट झाला की उपाहारगृह-भांडार, माजी सैनिकांची वैद्यकीय योजना आणि पतीच्या पश्चात मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन यांवरील तिचा पत्नी म्हणून असलेला हक्क संपतो. न्यायिक विभक्तीत विवाह कायम राहतो, म्हणून उतारवयातील स्त्रियांना काही वकील तोच मार्ग सुचवितात. घटस्फोटच घ्यावयाचा असेल तर कलम २५ खालील कायम पोटगीचा अर्ज हुकुमाच्या वेळीच करणे, आणि शक्य तेथे एकरकमी रक्कम मागणे तिच्या हिताचे असते. हा अर्ज पुढेही करता येतो. पण तोपर्यंत पलटण बदललेली असते, आणि कधी नवराही निवृत्त झालेला असतो.