तेरेखोलचा झेंडा आणि पडद्यावरचे सात जण

एकमेकांचं तोंड न पाहणारे दोघे एकाच मोहिमेला जुंपले जातात, हाणामारी करता करता दोस्त होतात, खलनायक आडवा झाला की खेळ संपतो. या साच्याचा गोव्यातला माग काढत गेलं, की ख्वाजा अहमद अब्बास यांच्या १९६९ च्या ‘सात हिंदुस्तानी’पाशी थांबावं लागतं. अब्बासनी साचाच उलटा धरला. त्यांचे सोबती मोहिमेत एकजीव असतात. फाटतं ते नंतर, भाषा आणि धर्मावरून. हिंदीचा कट्टर अभिमानी शर्मा आणि तमिळ महादेवन यांचं तर जमणंच कठीण. शस्त्रक्रियेआधी गोव्याची मारिया या जुन्या सोबत्यांना बोलावून घेते, म्हणून ते पुन्हा निघतात.

पात्रयोजनाही खोडकर होती. पंजाबी झाले बंगाली उत्पल दत्त, बंगाली झाले मल्याळी मधू, शर्मा झाला मेहमूदचा भाऊ अन्वर अली, आणि बिहारी मुसलमान शायर झाला नवखा अमिताभ बच्चन. आपला शाहीर सखाराम शिंदे जलाल आगाच्या वाट्याला आला. चित्रपट भाषणबाजीनं जड झालाय, तरी ही अदलाबदल आजही मजा आणते.

पोर्तुगीज ठाण्यांवर तिरंगा लावायचा, ही चित्रपटातली मोहीम. तेरेखोलला ती कल्पनेतली वाटायची नाही. सावंतवाडीकरांकडून १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतलेला हा किल्ला नदीच्या उत्तर काठावर, उरलेल्या गोव्यापासून तुटलेला. पलीकडच्या केरीला जायचं तर फेरीबोट, रेडीकडून मात्र पायवाटेनंही येता येई. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीनं इथं तिरंगा फडकवला. त्या दिवशी भारत सरकारनं बिगरगोवेकरांना सीमेवरच अडवलं होतं, त्यामुळे आत शिरले ते गोवेकरच. देशभरातून सत्याग्रही लोटले ते पुढच्या वर्षी. सत्याग्रही हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर यांचं स्मारक तेरेखोलला आहे. अब्बासच्या सातांत मात्र गोव्याची एकटी मारिया.

१९८३ च्या रमेश बहलच्या ‘पुकार’मध्ये अमिताभ पुन्हा मुक्तिलढ्याच्या गोव्यात आला, सोबत रणधीर कपूर. तोवर तो सुपरस्टार होता आणि लढा गाण्यांमागचा देखावा. तिथं फार रेंगाळायचं कारण नाही.

खरी जुगलबंदी पडद्याबाहेर रंगली होती. गोवा मुक्त झाल्यावर, १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, यावर एकेकाळी खांद्याला खांदा लावलेली माणसं समोरासमोर उभी राहिली. विलीनीकरणाच्या बाजूला भाऊसाहेब बांदोडकर, वेगळेपणाच्या बाजूला जॅक सिक्वेरा. पेडणे-डिचोलीचा कल विलीनीकरणाकडे, सासष्टीचा ठाम विरोध. वेगळेपणाची बाजू ३४,०२१ मतांनी जिंकली. दोनच वर्षांनी अब्बासचा चित्रपट आला, आणि त्यातली भाषेची भांडणं पाहुण्यांनी आपापल्या प्रांतांतून आणलेली होती. यजमानाच्या घरात विलीनीकरणावरून, म्हणजे पुन्हा भाषेवरूनच, पेटलेलं भांडण ताजं होतं; कॅमेरा तिकडे वळवायची संधी अब्बासनी सोडली.